दगड सकाळी, गाडी दुपारी

१

तेराव्याची शेवटची पंगत जेवत होती, आणि रविंद्र गुरुजींची पांढरी गाडी कुणाला न सांगता-विचारता उतारावरून निघाली. जांभळाखालून सुटली, अंगणाच्या कडेने घरंगळली आणि खालच्या नळापाशी रचलेल्या लाकडांच्या ढिगावर जाऊन आदळली. नळाशी सकुबाई टोप घासत बसली होती. सकुबाई ठाकूरवाडीतली. गुरुजींच्या घरी बारशापासून मयतापर्यंत हक्काने राबणारी आणि हक्काने बोलणारीही. ढीग तिच्या अंगावर आला आणि उजव्या पायाचं हाड मोडलं.

लोक धावले तेव्हा गाडीत कुणी नव्हतं. हँडब्रेकचा दांडा मात्र वर ओढलेला होता.

एवढ्यावर गावाने निकाल लावून टाकला. गुरुजींनी मरण्याच्या आदल्या दिवशीच हा ब्रेक स्वतः, अंगणात, गाडीखाली लोळून दुरुस्त केला होता. ब्रेक ओढलेला असूनही गाडी सुटली, म्हणजे दुरुस्ती चुकली. मास्तर शाळेत हुशार, गाडीखाली कच्चे. झालं.

"नानांनी हौसेपायी कुणाच्या तरी जिवावर बेतवलं असतं," तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतण्या प्रणित म्हणाला. घरातली मुलं गुरुजींना नाना म्हणत. "गॅरेज काय लांब होतं? टोकावडे इथं पाच मिनिटांवर. पण नाय, सगळं घरीच करायचं."

ओटीवर घरचे चौघे बसले होते. गुरुजींचा धाकटा भाऊ महादू, त्याची बायको लहानी, त्यांचा मुलगा प्रणित, आणि गुरुजींची एकुलती एक मुलगी कुणाली. ती शहापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. सरणाला अग्नी तिनेच दिला होता, आणि ते काहींना अजून पचलं नव्हतं.

महादूकाका खाली बघत म्हणाला, "उद्या दुपारी भंगारवाल्याचा टेंपो येतोय. गाडी देऊन टाकू. सकुबाईला सांगू, बाई, दादाचं चुकलं, माफ कर. गेलेल्या माणसावर घातलं तर कुणाला काय लागतं?"

"मला लागतं," कुणाली म्हणाली.

"आता तू वाद नको घालूस गो बाय," लहानीकाकू म्हणाली.

"वाद नाही घालत. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवायचं नाही, एवढंच म्हणतेय. टेंपो उद्या दुपारी येणार ना? तोवर नानांचं चुकलं असं कुणी सकुबाईकडे जाऊन बोलायचं नाही."

"आणि दुपारी?" प्रणितने हसून विचारलं.

"दुपारी मी बोलेन."

ती उठली आणि उतार उतरून गाडीपाशी गेली. गाडी अजून तिथेच होती, नाक लाकडांत खुपसून. दोन दिवसांपूर्वी चार बाप्यांनी ती मागे ढकलायचा प्रयत्न केला होता. तसूभर हलली नाही. चाकांत माती अडकलीय, असं सगळे म्हणाले होते.

कुणालीने खाली वाकून चारही चाकं पाहिली. माती अडकण्याजोगं काही नव्हतं. मग दार उघडून तिने हँडब्रेकच्या दांड्याला नुसता हात लावला. वर उभा, ताठ आणि घट्ट.

चार माणसांच्या जोराला दाद न देणारा ब्रेक सुटला कसा?

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोकावड्याला गेली. रस्त्याच्या कडेला संजूचं गॅरेज होतं. समोरून माळशेजकडे एसटी आणि ट्रक जात-येत होते. संजूने हात पुसले, बसायला टायर पुढे सरकवलं.

"ताई, राग मानू नका. गुरुजींनी मला शिकवलंय, पण गाडीच्या बाबतीत ते माझं ऐकायचे नायत. मी त्या दिवशी डोकावून बघितलं. दांडा वर. गाडी न्यूट्रलला. उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून ठेवतात, हे लहान पोरगंपण सांगेल."

"न्यूट्रलला त्यांनी मुद्दाम ठेवली होती," कुणाली म्हणाली. "त्या संध्याकाळी माझ्याशी फोनवर बोलले. ब्रेक शू आणि केबल मीच शहापूरहून पाठवले होते. म्हणाले, दोन्ही चाकं सारखी धरतायत. आता न्यूट्रलला टाकून, नुसत्या ब्रेकवर उभी केलीय, रात्रभर पारख करतो. गिअरमध्ये ठेवली तर धरतंय कोण ते कळायचं कसं?"

संजूने मान हलवली. "पारख बरोबर आहे. पण नवी केबल हळूहळू ताणते, ताई. पहिले काही दिवस बरी वाटते, मग एके दिवशी सोडते. गुरुजी उद्या परत आवळणार असतील. उद्या उजाडलाच नाय त्यांचा."

हे मात्र कुणालीला लागलं.

"संजू, घरी हँडब्रेक आवळून नीट बसवायचा तर एकट्याला जमतं?"

"जमवलं तर जमतं, पण नीट नाय. एकानं मागं चाक हातानं फिरवायचं, दुसऱ्यानं आत बसून दांडा एकेक दात ओढायचा. ओढ म्हटलं की ओढ, सोड म्हटलं की सोड. दोन माणसं पायजेत."

हे तिला माहीत होतं. सातवी-आठवीत असल्यापासून आत बसणारं दुसरं माणूस तीच होती. बाहेरून नानांचा आवाज यायचा, 'ओढ... अजून... सोड.' तो दांडाही विचित्र होता. आतला दात झिजलेला, त्यामुळे नुसतं बटण दाबून खाली येत नसे. त्याची एक युक्ती होती. नाना नवा दांडा बसवत नसत. म्हणत, चोराला वेळ लागेल.

पण या वेळी ती शहापूरला होती. फोनवर तिने विचारलंही होतं, "मग आत बसून ओढलं कोणी?"

नाना हसले होते. "आहे एक. कुणाला सांगू नको म्हणतो."

म्हणजे ब्रेक बसवताना गाडीत आणखी एक माणूस होतं. आणि गुरुजी गेल्यानंतर, त्यांच्या नावाने एवढा गवगवा होऊनही, ते माणूस पुढे आलं नव्हतं.

३

लहानीकाकू परसात भांडी लावत होती. कुणाली तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि हाताला लागेल ते पुसायला घेतलं.

"काकू, नाना गाडीच्या पुढच्या चाकासमोर एक धोंडा ठेवायचे. काळा, चपटा. तो कुठे गेला?"

काकूचा हात थांबला. "कुठं जाणार? हा बघ."

तेराव्याच्या स्वयंपाकासाठी परसात मोठी चूल मांडली होती. तीन धोंड्यांपैकी एक काळा, चपटा. एका अंगाला ऑइलचे डाग.

"अगो, एवढ्या मोठ्या टोपाला तिसरा धोंडा मिळंना. आचारी ओरडत होता. मीच आणला सकाळी उचलून." मग काकूचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे... माझ्यामुळं गेली का गो गाडी?"

"सकाळी म्हणजे कधी?"

"पाव्हणे यायच्याही आधी. चूल पेटवायच्या आधी. मी कुणाला बोलले नाय. म्हटलं, सगळे माझ्यावर येतील."

"काकू, नीट आठव. धोंडा चाकाखाली दबला होता? ओढून काढावा लागला?"

"छे! सुटा होता. चाकापासून हातभर पुढं. पायानं सरकवला न् उचलला."

कुणालीच्या आता लक्षात आलं. नानांनी धोंडा चाकाला टेकवून नव्हे, हातभर पुढे ठेवला होता. ब्रेक जरा जरी सुटला तरी गाडी पुढे येऊन धोंड्याला टेकावी, आणि सकाळी कळावं. त्या सकाळी बघायला ते राहिले नाहीत. पण ते गेल्यापासून तेराव्यापर्यंत गाडी उतारावर नुसत्या ब्रेकवर उभी होती आणि चाक धोंड्याकडे बोटभरही सरकलं नव्हतं.

"काकू, तुझ्यामुळे नाही गेली. दगड सकाळी गेला. गाडी दुपारी गेली. मधल्या वेळात तिला कोणी धरलं होतं?"

काकूने डोळे बारीक केले. तिला गाडीतलं कळत नव्हतं, पण हे कळलं.

"मंग दुपारी काय झालं?"

"दुपारी कुणीतरी ब्रेक सोडला."

काकूने पदराने तोंड पुसलं. "प्रणित नसंल गो," ती हळूच म्हणाली. "त्याला गाडीचा सोस होता, खरं. भाऊजी त्याला कधी हात लावू द्यायचे नायत. बूट घालून बसतो म्हणून."

प्रणितचं नाव कुणालीने काढलंच नव्हतं.

४

ठाकूरवाडीत सकुबाई खाटेवर पाय लांब करून बसली होती. प्लास्टरवर नातवाने कोळशाने कोंबडा काढला होता.

"आलीस? बस. मला वाटलं, तुजा काका येल माफी मागायला. तो येतो, दारात हुबा ऱ्हातो, पानी पितो, न् जातो. बोलत काय नाय."

"रोज येतो?"

"रोज. लाकडं आणून टाकतो. ओली."

कुणालीला हसू आलं. नाना गेल्यापासून ते पहिलंच.

"सकुबाई, त्या दुपारी तू काय पाहिलंस?"

"बगितलं काय? माजी पाठ होती. टोप घाशीत होती, नळ चालू. गाडी मागून येते, तिचा आवाज नाय, काय नाय. मांजरावानी आली. मंग एकदम खरखरलं."

"खरखरलं म्हणजे?"

"नांगर दगडाला लागतो ना, तसं. खर्र करून. म्हनून मी वळली. गाडी बगितली न् बाजूला उडी मारली. पाय तेवढा अडकला. आवाज नसता झाला तर तुज्या बापाच्या पाठोपाठ मीच गेली असती."

कुणालीने तिचा हात धरला. मनात एक-एक गोष्ट जागेवर बसत होती. बिनआवाजाची गाडी म्हणजे मोकळी फिरणारी चाकं. खरखर म्हणजे अडकलेली, घासत जाणारी चाकं. ब्रेक सुरुवातीला सुटलेला होता आणि निम्म्या वाटेत ओढला गेला. ब्रेक आपोआप ओढला जात नाही. गाडीत माणूस होतं.

"तुझ्यापाशी सगळ्यांत आधी कोण धावून आलं?"

"म्हादू. मी अजून वरडली पन नव्हती, न् तो हजर. मला उचलली. रडत होता बग, पोरासारखा. अनवाणी. भावाचं दुःख लई केलं त्यानं. अजून पायात काय घालीत नाय." सकुबाईने मान डोलावली. "वाडीतली मानसं नाव घेतात. म्हनतात, भाऊ असावा तर असा."

कुणाली उठता उठता थबकली.

सुतकात काका चपला घालूनच हिंडत होता. तिने स्वतः पाहिलं होतं. अग्नी तिने दिला म्हणून सुतकभर अनवाणी राहिली होती ती. काका नाही. सुतक फिटतं तेव्हा माणूस चपला पायात घालतो.

सुतक फिटल्यावर काढून कोण ठेवतो?

५

घराकडे येताना तिने उताराकडे नीट पाहिलं. जांभळापासून नळापर्यंत जाणारी वाट मुरमाची. वरचा अर्धा भाग स्वच्छ झाडलेला होता. खालच्या अर्ध्यावर भाताचा पेंढा पसरलेला.

पेंढा वाटेवर कोणी पसरत नाही. गुरं तुडवतात, शेण पडतं, वाया जातो. पेंढ्याची उडवी रचतात, तीही उंचावर. शेतकऱ्याच्या घरात पेंढा असा पडला तर म्हातारी माणसं शिव्या घालतात. इथे चार दिवस तो पडून होता आणि कुणी शिवी घातली नव्हती.

तिने पायाने पेंढा बाजूला सारला. खाली मुरमात दोन चऱ्या होत्या, खोल, समांतर, बरोबर गाडीच्या मागच्या चाकांच्या अंतरावर. निम्म्या उतारावर सुरू होऊन गाडीपर्यंत गेलेल्या. दोन्ही सारख्याच खोल. 'दोन्ही चाकं सारखी धरतायत,' नाना म्हणाले होते. मुरमाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

ती तिथेच उभी राहिली. या चार दिवसांत पहिल्यांदाच डोळे भरून आले, पण रडायला वेळ नव्हता. ती चढून जांभळाखाली गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिला तिथे निळ्या पट्ट्यांच्या हवाई चपलांचा जोड सापडला होता. बाप्याच्या. गाडीचं ड्रायव्हरचं दार जिथे यायचं, बरोबर तिथे, टाचा बाहेर आणि अंगठे गाडीकडे. गाडी निघून गेल्यावर त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून राहिल्या होत्या. तिने त्या पायरीवर आणून ठेवल्या, कुणाच्या म्हणून विचारलं. काकू म्हणाली होती, पाव्हण्यांच्या असतील. गावात अर्ध्या लोकांच्या पायांत तसल्याच.

नानांच्या गाडीत चपला घालून बसायची कुणाची टाप नव्हती. दाराशी गोणपाटाचा तुकडा असायचा. चपला बाहेर, पाय पुसून आत. सारं गाव त्याला हसायचं आणि सारं गाव ते पाळायचं. न पाळणारा एकच, प्रणित.

म्हणजे प्रणित नव्हे.

पण तिची सगळी मांडणी जिथे जाऊन थांबत होती, तिथे एक भिंत होती. महादूकाका त्या गाडीत बसणं शक्यच नव्हतं. नानांनी घरची बैलजोडी विकून ती गाडी घेतली, तेव्हा काकाने देवापुढे नारळ ठेवून सांगितलं होतं, 'त्या डब्यात मी पाय ठेवणार नाय.' कुणाली तेव्हा शाळेत होती. तेव्हापासून मुरबाडचा बाजार असो की कल्याणचा दवाखाना, काका एसटीनेच जायचा. नाना गाडी हळू करून हाक मारायचे, काका दुसरीकडे बघायचा. सगळ्या पंचक्रोशीत ती गोष्ट चेष्टेची झाली होती.

त्याला ब्रेकचा दांडा माहीत असायचं कारण नव्हतं.

खालून टेंपोचा हॉर्न वाजला.

६

दुपारी उताराखाली, गाडीपाशी बरीच माणसं जमली. भंगारवाला, त्याचा टेंपो, दोर घेऊन आलेला संजू, घरचे सगळे. कुणालीने सकुबाईलाही खाटेसकट आणवून जांभळाच्या सावलीत बसवलं होतं.

ती स्वतः गाडीमागे जमिनीवर होती. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधलेली, केसांवर नानांचा जुना रुमाल. पुढच्या दोन्ही चाकांना धोंडे लावून तिने मागची बाजू जॅकवर उचलली होती, खाली लाकडी ठोकळे दिले होते आणि एक चाक खोललं होतं.

"बाईमाणसानं, तेपण बाप जाऊन महिना नाय—" मागून कुणीतरी म्हणालं.

"बाप गेला म्हणूनच," कुणाली मान वर न करता म्हणाली. "तो असता तर त्याने केलं असतं. संजू, इकडे ये. तू म्हणतोस केबल ताणली. उघडून बघू. शू झिजले असतील, केबल सैल असेल, तर मी सगळ्यांसमोर सकुबाईची माफी मागेन आणि गाडी टेंपोत चढवायला हात लावेन."

"पण चाकामागचा ड्रम निघणार नाय ताई," संजू म्हणाला. "आत ब्रेक धरलाय. आधी दांडा सोडायला पायजे."

म्हणून गेला आणि स्वतःच्या बोलण्यापाशी अडखळला. "धरलाय..." तो पुटपुटला.

"हो. धरलाय. सोडा कुणीतरी. मी इथे चाकापाशी आहे."

प्रणित पुढे झाला. "मी सोडतो. दोन मिनिटांचं काम." बुटांसकट आत बसला. बटण दाबलं. दांडा ढिम्म. परत दाबलं, दोन्ही हातांनी खाली रेटलं.

"जाम झालाय! म्हणून सांगत होतो, सगळंच भंगार आहे."

"सरक," संजू म्हणाला. तोही बसला. बटण दाबून, वर ओढून, खाली दाबून पाहिलं. दांडा हलेना. "गंजला असंल. पाना द्या, मारतो एक."

कुणालीने काही सांगितलं नाही. ड्रमवर हात ठेवून ती मोठ्याने म्हणाली, अगदी नाना म्हणायचे तसं, सूर खाली आणत,

"सोड."

संजूने पाना उचलला.

"अरे, मोडाल!" महादूकाका ओरडला. माणसांना बाजूला सारत तो दारापाशी पोहोचला. "तसं नाय रे! उतर खाली. उतर म्हणतो ना! त्याचा दात झिजलाय, मारशील तर तुटंल."

संजू उतरला. काकाने कुणालीने दाराशी आणून टाकलेल्या गोणपाटावर एक पाय पुसला, मग दुसरा. आत बसला. दांडा अर्धा दात वर उचलला, तळहाताने डावीकडे रेटला, अंगठ्याने बटण दाबलं. दांडा लोण्यातून गेल्यासारखा खाली बसला. मागे कुणालीच्या हाताखालचा ड्रम मोकळा झाला आणि हलकेच फिरला.

जॅकवर फिरणाऱ्या त्या ड्रमचा बारीक आवाज येत होता.

"आई शप्पत," प्रणित म्हणाला. "बाबा, तुमी तर या गाडीत कधी—"

काकाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. उतरायचं त्याला सुचलं नाही.

कुणाली ड्रम बाजूला काढून उभी राहिली. "संजू, शू बघ."

संजूने वाकून ड्रमला आतून दाबून धरणाऱ्या त्या पट्ट्या पाहिल्या. बोट फिरवलं. "नवे आहेत. पूर्ण टेकलेत. केबल पण ताठ आहे." तो सरळ झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गुरुजींचं काम चोख आहे. माझं चुकलं."

मग कुणाली बोलली. आवाज चढवला नाही. चुलीतला धोंडा सांगितला, सुटा होता तो. सकुबाईने ऐकलेली खरखर सांगितली. प्रणितला वर वाटेवर पाठवून पेंढा बाजूला करायला लावला. चऱ्या सगळ्यांनी पाहिल्या. "हा ब्रेक आपोआप सुटलेला नाही. आतल्या माणसाने सोडला आणि त्याच माणसाने परत ओढला. हा दांडा सोडायची युक्ती नानांनी दोनच माणसांना शिकवली. एक मी. मी त्या वेळी पंगतीत वाढत होते." तिने पायरीवरून आधीच आणून ठेवलेल्या निळ्या पट्ट्यांच्या चपला उचलल्या आणि गाडीच्या दाराशी, अंगठे आत करून ठेवल्या. "काका, घाला. किती दिवस अनवाणी राहाल?"

७

काका समोरच्या काचेतून लाकडांकडे बघत होता.

"दादानं सांगितलं का तुला?" त्याने विचारलं.

"नाही. फोनवर एवढंच म्हणाले, आहे एक, कुणाला सांगू नको म्हणतो."

काकाला रडू फुटलं. "तुझं लग्न झालं, तू शहापूरला गेलीस. ओढायला माणूस नाय. एकदा दादा एकटाच चाक फिरवतोय, पळत येऊन ओढतोय, परत मागं जातोय. मला बघवंना. ही बाजाराला गेली होती. म्हटलं, सरक, मी बसतो. पण कुणाला बोललास तर परत बसणार नाय. नारळ ठेवलाय देवापुढं. दादा म्हणाला, गाडी चालत नाय तोवर तो डबा नाय, खुर्ची आहे. बस."

लहानीकाकू तोंडावर पदर घेऊन ऐकत होती. "दर साली?" ती म्हणाली. "मी बाजाराला गेली की?"

"दर साली." त्याने नाक पुसलं. "त्या दिवशीपण मीच होतो. दादा म्हणाला, म्हाद्या, डोंगर धरील असा धरलाय. तेराव्याला सगळे जेवत होते, मला घास जाईना. येऊन बसलो. बसल्यावर हात तिकडंच जातो ना. मला... मला मागून ऐकू आलं गो. सोड, असं. मी सोडला. कायम चाकं वर असायची, जॅकवर. गाडी जाते, हे ध्यानातच नाय आलं. सकु दिसली तेव्हा ओढला."

"आणि मग म्हणालात, दादाचं चुकलं."

"भ्यालो. वाटेवर पेंढापण मीच टाकला."

"भ्यालात ते समजू शकते. मी पण भ्याले असते. पण या सगळ्या गावात तो ब्रेक पक्का आहे हे छातीठोक सांगू शकणारा माणूस एकच होता, काका. आणि तोच गप्प बसला. मी चार दिवस नानांसाठी एकटी भांडले."

काका उतरला. चपला तशाच ठेवून जांभळाकडे गेला, सकुबाईच्या खाटेपाशी खाली बसला. सगळ्यांसमोर म्हणाला, "सकु, दादाचं काय चुकलं नाय. मी केलं."

सकुबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तरी म्हनलं, हा मेला रोज दारात हुबा का ऱ्हातो." ती प्लास्टरवर थाप मारत म्हणाली. "माजा पाय मोडला तो तू. खर्र झालं न् जीव वाचला, तो पन तुज्याच हातानं. आता शिव्या देऊ का पाया पडू? पाया तर पडता येत नाय."

"शिव्या दे."

"देईन. सवडीनं. आदी सुकी लाकडं आन. आन भाताला मी नाय यायची यंदा, माज्या वाटंची कापनी तू न् तुजा ह्यो बूटवाला, दोगांनी वाडीवर येऊन करायची. मुकादम मी."

प्रणितने बापाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. तो लाकडं उपसायला लागला.

भंगारवाल्याने विचारलं, "मग टेंपो?"

"रिकामा न्या," कुणाली म्हणाली.

तिने ड्रम बसवला, चाक चढवलं. संजूने नट आवळले, आवळताना एकदाही सल्ला दिला नाही. माणसांनी गाडी ढकलत वर आणली. या वेळी ती मुकाट आली. बरोबर जुन्या जागी, जांभळाखाली, नाक उताराकडे करून कुणालीने ती उभी केली. गिअर न्यूट्रल. दांडा वर. एकेक दात वाजला.

काकूने चुलीतला काळा धोंडा उचलून आणला होता. "लाव गो चाकाला."

"आज नको."

ती गाडीपुढे आली. चार पावलं उतरली, आणि वाटेच्या मधोमध, गाडीकडे पाठ करून, मुरमावर मांडी घालून बसली. काकू ओरडली, "उठ गो, वेडी का काय!" कुणाली उठली नाही. समोर नळ होता, त्यापलीकडे कापणीला आलेली खाचरं. तिने ओढणी सोडून हात पुसले.

थोड्या वेळाने मागून पावलं आली. काका. आता पायात घातलेल्या निळ्या चपला त्याने काढून बाजूला ठेवल्या आणि तिच्या शेजारी, गाडीकडे पाठ करून बसला.

"चहा टाक गो दोघांना," त्याने बायकोला हाक मारली. "इथंच आण."